दोन बोटं मार्जिन

मंगळवार, ३ मार्च

आज सुई ओवली. माझी मी, एका झटक्यात, आणि तीही बारीक भोकाची!

गेली दोन वर्षं हे काम आमच्या ह्यांच्याकडे होतं. माणूस निवृत्त बसचालक. अख्खी बस बोळातून उलटी काढायचे, पण सुईत दोरा घालताना घामाघूम व्हायचे. आज ओवलेली सुई त्यांच्या नाकासमोर धरली, तर म्हणाले, "म्हणजे मी आता दुसऱ्यांदा निवृत्त?" आणि लगेच पेपर उघडून बसले. आनंद कसला तो, सुटका झाली बिचाऱ्यांची.

वही लिहायचं कारण असं, की बोटांचे व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, रोज हाताने काहीतरी लिहीत जा. काय लिहू विचारलं तर म्हणे, मनातलं लिहा. तिला काय माहीत माझ्या मनात किती साठलंय. संधिवाताने हात धरले तेव्हापासून घराखालच्या आमच्या शिवणाच्या कारखान्यात मी नुसती खुर्चीवर बसून "तो टाका उसव, ही घडी चुकली" करत होते. नाटकांचे कपडे शिवण्यात माझा उभा जन्म गेला, आणि शेवटी माझ्या वाट्याला नुसतं तोंड राहिलं. सूनबाई बिचारी ऐकून घेते. पण तिच्याही डोळ्यांत कधीकधी दिसतं, की आईंनी आता जरा वर जाऊन पडावं.

आता नाही पडणार! सुई ओवली.

गुरुवार, ५ मार्च

आज गुरुवारची गोळी घेतली. खरं नाव मेथोट्रेक्सेट. जीभ अडखळते, म्हणून आम्ही तिला "गुरुवारची" म्हणतो. आठवड्यातून एकदाच, दोन गोळ्या, बस. बाकीच्या दिवशी एक साधी जीवनसत्त्वाची.

मला दोन डॉक्टर आहेत. एकाच इमारतीत, तळमजल्यावर किडनीवाले आणि तिसऱ्या मजल्यावर सांध्यांच्या बाई. माझ्या किडन्या एक तृतीयांशच चालतात, म्हणून तळमजल्याने सगळ्या दुखण्याच्या गोळ्या बंद केल्यात आणि पाणी पीत राहा असा हुकूम सोडलाय. तिसऱ्या मजल्याने त्यांना फोन करून, घासाघीस करून, एवढीशी गुरुवारची सुरू केली. वर अट घातली, दर दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं. ह्यांच्यासमोर बोट नाचवून म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा. रोज नाही. दोनदा नाही. एकदा."

मी म्हटलं, बाई, मी काय लहान आहे?

दोन महिन्यांनी गुण आला. रक्तही चारदा तपासलं, चारही वेळा उत्तम. देव त्या बाईंचं भलं करो.

मंगळवार, १० मार्च

मोठं काम आलंय! नव्या नाटकाचे सगळे कपडे आपल्याकडे. पहिला प्रयोग चोवीस एप्रिलला. सूनबाई दिग्दर्शकाशी बोलत होती, तेवढ्यात मी मागून म्हटलं, "राजाचा कोट मी शिवणार." सूनबाई म्हणाली, "आई, मखमल आहे. जड आहे." मी म्हटलं, "मीही काही हलकी नाही."

संध्याकाळी राजे माप द्यायला आले. मोठा नट, आवाज असा की खिडक्या थरथरतात, आणि पोट असं की टेप पोचता पोचता दमते. मी टेप लावली की श्वास आत घेतात. "राजे, सोडा की श्वास," मी म्हटलं. "सोडलाय मावशी," असं आवळलेल्या गळ्याने म्हणाले. मी मनातल्या मनात चार बोटं वाढवली.

ह्यावरून सूनबाईचं आणि माझं नेहमीचं जुंपलं. तिचं शिवण नेमकं. शिवणीच्या आत एवढंस्सं कापड ठेवते, वर म्हणते, जास्त ठेवलं की शिवण जाडी होते, कपडा बसत नाही. मी म्हणते, अगं, माणूस म्हणजे लाकडाचा पुतळा आहे का? आज बारीक, उद्या जाडा. आत दोन बोटं मार्जिन असलं की कपडा पिढ्यान्पिढ्या जातो. उसवायचं, सोडायचं, परत शिवायचं. तिला मी पाठीमागे "मिलिमीटर" म्हणते. तिला माहीत आहे ते. माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, जहाजावर नोकरीला असतो. मागे एकदा त्याला फोन केला तेव्हा स्वतःच म्हणाली, "आईंची मिलिमीटर बोलतेय."

शुक्रवार, १३ मार्च

मखमल आली. गडद तांबडी, हात फिरवला की मांजरासारखी वाटते. कापली मी स्वतः. कात्री बोटांत धरून सरळ रेष मारली आणि मला रडू फुटलं. सूनबाई घाबरली, म्हणाली, "दुखतंय का?" म्हटलं, नाही गं बाई, दुखत नाहीये, म्हणून तर रडतेय.

मखमल आहे तोवर कारखान्यात पाणीबंदी केलीय. चहा नाही, पाण्याची बाटली नाही. मखमलीवर एक थेंब पडला की तिथे कायमचा डाग उमटतो. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासूनचा हा नियम आहे. ज्याला प्यायचं त्याने वर जाऊन प्यावं. मी काही सारखी जिना चढत नाही. सकाळी एकदा पिऊन उतरते आणि थेट जेवायला वर जाते. आणि त्यात मोठा फायदा, सारखं मोरीकडे पळावं लागत नाही.

रविवार, १५ मार्च

एक शोध लागलाय. गुरुवारी गोळी घेतली की शुक्रवार-शनिवार हात कसे लोण्यासारखे. पण मंगळवार-बुधवार उजाडला की परत जरा आखडतात. म्हणजे काय, बाईंनी माप अगदी नेमकं दिलंय. त्यापण मिलिमीटरच्याच जातीच्या. आठवडा संपता संपता कापड कमी पडतं.

मग मी म्हटलं, मार्जिन ठेवू. रविवारी एक गोळी. फक्त एक. गुरुवारपासून गुरुवारपर्यंत शिवण ताणली जाऊ नये, म्हणून. ह्यांना सांगितलं नाही. उगाच बोट नाचवतील.

सोमवार, २३ मार्च

आज रक्त द्यायचा दिवस होता. पण बाह्या लावायचा दिवसही आजच होता. मखमलीची बाही एकदा टाचायला घेतली की मध्ये सोडता येत नाही, लव उलटी बसते. ह्यांनी जिन्यात उभं राहून तीनदा हाक मारली. मी म्हटलं, "अहो, दर वेळी उत्तम आलंय, ह्या वेळी काय वेगळं येणार? आणि रक्त काढलं की मला दिवसभर गळाल्यासारखं होतं." ते म्हणाले, "मग उद्या?" मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात." ते जिन्यातच उभे राहिले थोडा वेळ. मग गेले.

बाह्या काय सुंदर बसल्यात! खांद्यावर एक सुरकुती नाही.

रविवार, २९ मार्च

हात पळतायत नुसते. आज मार्जिनच्या दोन घेतल्या, कारण पुढचा आठवडा सोनेरी कशिद्याचा आहे. त्यात बोटं आखडून चालणारच नाहीत.

तोंड मात्र आलंय. जिभेच्या कडेला आणि ओठाच्या आत. ह्यांच्या हातच्या आमटीचा प्रताप. निवृत्तीनंतर स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं तेव्हापासून तिखटाला धरबंध नाही. आज तसं सांगितलं तर रागावले. म्हणाले, तीच आमटी मी खातो, माझं कुठे येतं तोंड? मी म्हटलं, तुमचं तोंड बसमध्ये तीस वर्षं ओरडून निबर झालंय. मग दहीभात कालवून दिला मुकाट्याने. चांगला आहे माणूस.

गुरुवार, २ एप्रिल

गुरुवारची घेतली.

दात घासताना रक्त येतंय. ह्यांनी दातांचे नवे ब्रश आणलेत, स्वस्त मिळाले म्हणून डझनभर. बस धुवायचे असावेत. माझा मी फेकून दिला.

राजांच्या कोटाची कॉलर पूर्ण झाली. सूनबाई बराच वेळ भिंग लावून टाके बघत होती. शेवटी म्हणाली, "आई, हे मला कधी जमणार?" ती असं बोलत नाही कधी. मी म्हटलं, "जमेल, दोन-तीन जन्मांत," आणि वर गेले. जिन्यात एकटीच हसत होते. पण अर्ध्यावर बसावं लागलं, धाप लागली. ह्या जिन्याला पायऱ्या वाढल्यात की काय कोण जाणे.

मंगळवार, ७ एप्रिल

राजांची पहिली चाचणी. कोट अंगावर चढला आणि राजे आरशासमोर एकदम ताठ झाले. "मावशी, हा घातला की मला संवाद पाठ करायची गरजच नाही." बटणं मात्र कशीबशी लागली. महिनाभरात महाराजांनी राज्यविस्तार केलाय. मी म्हटलं, "घाबरू नका, आत दोन बोटं आहेत. पण तालमीत खाऊ देतात का तुम्हाला?" म्हणाले, "दुःखाचा प्रवेश आहे हो, त्यात भूक लागते."

माझी ह्याच्या उलट गत. तोंडामुळे गिळवत नाही. पेज पिते. मांड्यांवर निळे-जांभळे डाग उठलेत, ते कापणीच्या टेबलाची कड लागून. ते टेबल उंचीला मुळातच चुकलंय. दंडावरही आहेत. म्हणजे दंडही टेबलावर आपटत असणार, कामाच्या नादात कळत नाही.

थकवा आहे. पण तो गोड थकवा. दोन वर्षं बसून राहिलेल्या बाईने एकदम एवढं काम काढलं तर थकणारच.

रक्त परत राहिलं. ह्या वेळी ह्यांनी मागे लागणं सोडून दिलं. नुसतं बघतात.

शनिवार, ११ एप्रिल

आज अपशकुनासारखं झालं. अस्तर लावत होते. पांढरं सॅटिन आहे. सुई टोचली. आता सुई टोचण्यात काय नवल, जन्मभरात किती टोचल्या असतील. पण थेंब सॅटिनवर पडला. सूनबाई किंचाळली. मी म्हटलं, घाबरू नकोस, ह्याला शिंप्याचा उपाय असतो. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी. पांढऱ्या दोऱ्याचा बोळा तोंडात चघळायचा आणि त्याने डाग टिपायचा. जादूसारखा जातो. आजवर एकदाही फसला नाही.

आज फसला. टिपलं तर डाग वाढलाच. बोळा बघितला तर तोच गुलाबी. तोंड आलंय ना, त्याचं रक्त. आणि बोट थांबायला तयार नाही. किती वेळ चिंधी दाबून बसले होते. सूनबाईने माझ्या बोटाकडे बघितलं, मग बोळ्याकडे, मग माझ्या तोंडाकडे. मग म्हणाली, "आई, प्रयोगाला तुम्हाला नवा ड्रेस शिवते. उद्या माप घेते."

मी म्हटलं, माझं माप तुझ्याकडे आहे की. म्हणाली, "जुनं झालं."

रविवार, १२ एप्रिल. दुपार

घाईघाईत लिहिते, हे खाली रिक्षा थांबवतायत.

सूनबाईने माप घ्यायला बसवलं. कंबर मोजली, टेप सरळ केली, परत मोजली. दंडाला टेप लावली. सोडली तर दंडावर टेपच्या रुंदीचा लालजांभळा पट्टाच उठला. तिने जोरात आवळलीसुद्धा नव्हती. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, माझी बाही वर केली, मग कपडा गुडघ्यापर्यंत. आणि तिचे डोळे भरले. "आई, हे टेबलाने होत नाही," म्हणाली. कपाळाला हात लावला तर म्हणाली, "आणि तापही आहे."

मी म्हटलं, कोटाची बटणं राहिलीत. ती म्हणाली, "बटणं गेली खड्ड्यात!" सून माझ्यावर पहिल्यांदाच ओरडली. मला तर बरंच वाटलं थोडं.

सोमवार, १३ एप्रिल

रुग्णालय. वेगळी खोली. येणारा प्रत्येकजण तोंडाला पट्टी बांधून येतो, दरोडेखोरांच्या टोळीत पडल्यासारखं वाटतं. हाताला सलाईन, अक्षर वाकडं येतंय. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, लाल पेशी आणि त्या रक्त गोठवणाऱ्या, तिन्ही खाली आल्यात. हे कोपऱ्यात ब्रशची पिशवी मांडीवर घेऊन बसलेत. घाईत तीच उचलून आणली घरून. मी हसले तर माझा ओठ फाटला.

बुधवार, १५ एप्रिल

काल हातात पेन धरवलं नाही. आज सगळं लिहून काढते.

तळमजला आणि तिसरा मजला दोघेही एकदम आले. मी ह्या दोघांना एका खोलीत प्रथमच बघितलं. बाईंनी विचारलं, "गुरुवारी दोनच घेत होतात ना?" मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं. त्या तशाच बघत राहिल्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हटलं, आता इथे कुणापासून काय लपवायचं. सांगितलं सगळं. रविवारचं, मार्जिनचं, मखमलीसाठी पाणीबंदीचं.

मला वाटलं ओरडतील. बाई खुर्ची ओढून बसल्या. "मावशी, मार्जिन म्हणजे काय ते मला नीट समजावा."

मी समजावलं. आतल्या बाजूला जादा कापड. वेळ आली की सोडायला.

"मग ऐका," त्या म्हणाल्या. "ही गोळी अंगातून बाहेर जाते ती किडनीतून. तुमच्या किडन्या हळू. त्यात पाणी कमी, म्हणजे आणखी हळू. गुरुवारची बाहेर पडायच्या आत रविवारची आत आली. तिने हाडांमधला रक्त बनवायचा कारखानाच बंद पाडला. तोंड आलं ते त्यामुळे, डाग उठले ते त्यामुळे, धाप लागली तीही त्यामुळे." मग म्हणाल्या, "इतरांना मी सहा देते. तुम्हाला दोन दिल्या. ते माझं मार्जिन होतं, मावशी. मी ठेवलं होतं तुमच्यासाठी. तुम्ही तेच उसवून वापरून टाकलंत."

एवढी वर्षं मी लोकांना शिकवत आले, की आतलं कापड बाहेरून दिसत नाही म्हणून ते नाही असं समजू नये.

मी विचारलं, "वाचेन ना?" तळमजला म्हणाला, "वेळेवर आणलं. ह्या औषधाचा उतारा सुरू आहे. आठवडा अवघड आहे, पण मला आशा आहे." मग मी विचारलं, "आणि गुरुवारची?" बाईंनी माझा हात हातात घेतला. "ती आता कधीच नाही." मी म्हटलं, "मग हात?" म्हणाल्या, "आधी तुम्ही. मग हात. दुसरी औषधं आहेत, बघू. पण इतके चांगले होतील असं आज मी कबूल करणार नाही."

त्या गेल्यावर ह्यांनी माझ्या उशीपाशी येऊन सांगितलं, "मला कळत होतं काहीतरी. बोललो नाही. तू एवढी खूश होतीस." आणि तीस वर्षं बस चालवलेला माणूस तोंडाच्या पट्टीमागे हमसाहमशी रडला. मी म्हटलं, "अहो, पट्टी ओली होईल, बाहेर काढतील तुम्हाला." मग दोघेही रडलो आणि हसलो.

मी भ्याले होते. लिहून ठेवते, खरंच भ्याले होते.

शनिवार, १८ एप्रिल

ताप उतरला. दुसऱ्यांचं रक्त चढवलं, आता माझ्यात कुणाकुणाचं काय काय आहे कोण जाणे. पांढऱ्या पेशी वर यायला लागल्यात. परिचारिका रोज सकाळी आकडा सांगते, हे टाळ्या वाजवतात, ती त्यांना बाहेर काढते.

बोटं आखडायला लागलीत. सकाळी उजव्या हाताची मूठ मिटली नाही. कळलं मला, आणि तोंड भिंतीकडे केलं थोडा वेळ.

संध्याकाळी सूनबाईचा काचेपलीकडून फोन. ती बाहेर, मी आत, जहाजावर फोन केल्यासारखं. "आई, घोटाळा झालाय. राजांची दुसरी चाचणी झाली. बटणं लागतच नाहीत. दोन बोटांचं अंतर आहे. दुःखाचा प्रवेश लांबवलाय त्यांनी." तिचं तोंड एवढंसं झालं होतं. "मखमल शिल्लक नाही. काय करू?"

मी म्हटलं, "कडेची शिवण उसव."

"उसवली की जुन्या टाक्यांची रेष दिसेल ना मखमलीवर."

"उलट्या बाजूने वाफ दे, लांबून. आणि कपड्याच्या ब्रशने लव उलटी फिरव. इस्त्री टेकवलीस तर मी इथून उठून येईन."

ती म्हणाली, "आणि अस्तरावरचा डाग?" मी म्हटलं, "तो राहू दे. राजाच्या कोटात आत काय आहे, कोण बघतंय?"

सोमवार, २० एप्रिल

सूनबाईचा निरोप, ह्यांच्या तोंडून, चुकतमाकत: "उसवलं, सोडलं, शिवलं. बसला. रेष दिसत नाही. राजे म्हणाले, मावशींना सांग, मी आता प्रयोगापर्यंत फक्त पाणी पिणार." हे पुढे म्हणाले, "आणि तिने कारखान्यात मोठा माठ आणून ठेवलाय. पाणीबंदी उठली. मखमलीवर मेणकापड घालते झाकून."

माझ्या सासूबाईंना हे मेणकापड का सुचलं नाही? आणि मला तरी?

बुधवार, २२ एप्रिल

घरी आले. जिन्याच्या पायऱ्या जेवढ्या होत्या तेवढ्याच आहेत.

बाईंनी पुढचं सांगितलंय. रक्त पुरतं भरून आलं, किडन्या सावरल्या, की दुसरं औषध सुरू करू, किडनीला चालणारं. थांबायचं. मी म्हटलं, थांबते. त्या म्हणाल्या, "आणि गुण येतोय असं वाटलं तर?" मी म्हटलं, "आधी तुम्हाला फोन." ह्यांनी बोट नाचवलं नाही, फक्त रक्त तपासायची तारीख स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने लिहिली. भिंत नुकतीच रंगवलेली होती.

शुक्रवार, २४ एप्रिल

प्रयोग! बाईंनी गर्दीत बसायला मनाई केली. पण प्रकाशवाल्याची खोली मागे उंचावर असते, पुढे काच. तिथे हे आणि मी, तोंडाला पट्टी बांधून. प्रकाशवाला म्हणाला, "मावशी, दिव्यांना हात लावू नका." मी म्हटलं, "बाबा, माझ्या हाताने आज बटणसुद्धा लागलं नाही."

खरंच नाही लागलं. नवा ड्रेस सूनबाईने घालून दिला, बटणं तिनेच लावली, खालून वर, एकेक. माझे हात नुसते बाजूला लोंबत होते. वाईट वाटलं. तिला कळलं असणार, कारण ती उगाच राजांच्या गोष्टी सांगत होती. ड्रेस अंगाबरोबर बसला होता, बारीक झालेल्या अंगाबरोबर, मापात, मिलिमीटरमध्ये. आता माझं हेच माप, असं मी मनाशी म्हटलं.

पडदा उघडला. राजे आले. तो कोट दिव्यात पेटल्यासारखा दिसला, आणि सभागृहात एक "आहा" फिरली. संवादाआधी, नुसत्या कोटाला! हे माझ्या कानात म्हणाले, "ती कॉलर कुणाची?" मी म्हटलं, "गप्प बसा, राजा बोलतोय." दुःखाच्या प्रवेशात राजे सिंहासनावर कोसळले, पोट सुटलं, मी श्वास रोखला. शिवण टिकली. सूनबाईची शिवण. मी काचेतून कितीतरी वेळ त्या कडेकडे बघत होते. जुन्या टाक्यांची खूणही नव्हती.

अंधारात हाताला चाळा म्हणून मी माझ्याच ड्रेसची कडेची शिवण चाचपली. आखडलेल्या बोटांनासुद्धा कळलं. शिवण जाडी होती. आत कापड दुमडलेलं होतं, बरंच. मी दुसरी कड चाचपली. तिथेही. खांद्यावर, बाहीत, सगळीकडे. दोन-दोन बोटं.

मध्यंतरात ती जिना चढून आली, तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. मी शिवणीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय गं? तू कधीपासून मार्जिन ठेवायला लागलीस?"

तिने टाचण्या तोंडातून काढल्या. "आई, तुम्ही परत भरून येणार ना. तेव्हा सोडायला नको?"

मी तिला जवळ ओढलं आणि मुठी मिटत नव्हत्या तरी घट्ट धरलं. ह्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी सगळी प्यायले.